औद्योगिकीकरण, भांडवलशाही, उदारमतवाद, वर्ग: उत्तरात या संकल्पना वेगळ्या कशा ठेवायच्या?

वाडीकर_एफवाय

नमस्कार. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, बडोद्यात. राज्यशास्त्र आणि इतिहास दोन्ही घेतले आहेत. औद्योगिक बदल आणि समाज या घटकातल्या व्याख्या पाठ आहेत, पण प्रश्न जरा फिरवून आला की सगळं एकात एक मिसळतं. उदाहरणार्थ, "औद्योगिकीकरणाशिवाय भांडवलशाही शक्य आहे का?" किंवा "उदारमतवादी आणि रॅडिकल यांतला फरक स्पष्ट करा." शिवाय वर्ग आणि जात एकाच उत्तरात लिहायचे की वेगवेगळे, तेही कळत नाही. शक्य तिथे बडोद्याची उदाहरणं द्यावीत, म्हणजे लक्षात राहतील. उत्तर पाच गुणांचं, साधारण दीडशे शब्दांचं असतं.

रावपुरा_इतिहास

कुठलीही संकल्पना समोर आली की आधी विचारा, ती कशाबद्दल बोलते आहे? काम कशाने होतं याबद्दल, मालकी कोणाची याबद्दल, की सत्ता कोणाकडे याबद्दल? औद्योगिकीकरण पहिल्यात बसतं, भांडवलशाही आणि समाजवाद दुसऱ्यात, उदारमतवाद आणि लोकशाही तिसऱ्यात. इंग्लंडमध्ये हे तिन्ही बदल साधारण शंभर वर्षांत, एकमेकांना धक्के देत झाले. म्हणून पुस्तकात ते एकाच प्रकरणात येतात आणि मुलांना वाटतं की एक आलं म्हणजे बाकीची दोन आलीच.

तसं नसतं, हे बडोद्यात बसून फार चांगलं दिसतं. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९० साली कलाभवन काढलं. तिथे रंगाई, विणकाम, यंत्रकाम शिकवत. १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग म्हणून आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९०७ साली अलेम्बिक ही औषध कंपनी उभी राहिली, १९०८ साली बँक ऑफ बडोदा. म्हणजे तंत्र आलं, खासगी भांडवल आलं, त्याला बँक मिळाली. पण अंतिम सत्ता महाराजांकडेच होती, निवडून आलेल्या सरकारकडे नव्हती. पहिल्या दोन बाबतींत मोठा बदल आणि तिसऱ्या बाबतीत फारच थोडा. आधुनिकीकरण म्हणजे लोकशाही नव्हे, हे सिद्ध करायला एवढं उदाहरण पुरतं.

आता मालकीचं उदाहरण. बँक ऑफ बडोदा सुरू झाली ती भागधारकांची बँक म्हणून. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात तीही होती. काउंटर तेच, खातेवही तीच, मालक बदलला. आयपीसीएलचा (इंडियन पेट्रोकेमिकल्स, बडोद्याजवळची रसायन कंपनी) प्रवास उलटा आहे. १९६९ साली सरकारी कंपनी म्हणून स्थापना, २००२ साली सरकारने २६ टक्के हिस्सा आणि त्याबरोबर व्यवस्थापन रिलायन्सला दिलं, २००७ मध्ये ती रिलायन्समध्ये विलीन झाली. कारखाना तोच, रसायनं तीच. बदल झाला तो मालकीत, म्हणून याला खासगीकरण म्हणायचं, औद्योगिक बदल म्हणायचं नाही. उत्तरपत्रिकेत ही गल्लत वारंवार दिसते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, शक्य आहे. यंत्रं यायच्या आधी युरोपातले व्यापारी खेड्यांतल्या घरांना लोकर आणि सूत देत, मजुरी नगावर ठरे, तयार माल व्यापारी उचलून दूरच्या बाजारात विकत. भांडवल आहे, नफा आहे, मजुरी आहे, कारखाना नाही. यालाच आदिऔद्योगिकीकरण म्हणतात. याच्या उलट टोक हवं असेल तर १९२८ पासूनच्या पंचवार्षिक योजनांमधला सोव्हिएत रशिया घ्या. पोलादाचे कारखाने प्रचंड, पण खासगी मालक नाही. ही दोन उदाहरणं शेजारी ठेवलीत की उत्तर पूर्ण होतं.

धोटा_आणि_कांडी

वरच्या उत्तरात तंत्राबद्दल जरा घाईत उरकलं आहे, तिथे गुण जातात. शोधाचं साल आणि प्रसाराचं साल एक नसतं. कार्टराइटचा यंत्रमाग १७८५ चा, म्हणून मुलं लिहितात "१७८५ नंतर विणकर बेकार झाले". १८१३ साली ब्रिटनमध्ये यंत्रमाग होते जेमतेम २,४००. १८३३ पर्यंत ते लाखाच्या घरात गेले. मधल्या काळात उलटंच घडत होतं. जेनी (१७६४), वॉटर फ्रेम (१७६९) आणि म्यूल (१७७९) या सूत कातायच्या यंत्रांमुळे सूत स्वस्त आणि भरपूर झालं, ते विणायला हात कमी पडू लागले आणि हातमागवाल्यांची काही काळ चांगली चलती झाली. त्यांची मजुरी खरी कोसळली ती यंत्रमाग पसरले तेव्हा. "यंत्र आलं, रोजगार गेला" असं एका वाक्यात लिहू नका. कोणत्या कामाचं यंत्र, कोणत्या साली पसरलं आणि त्याच्या पुढच्या टप्प्यावर काय झालं, ते लिहा.

शहरीकरणाचं कारणही असंच नेमकं द्या. आर्कराइटची १७७१ ची क्रॉमफर्डची गिरणी पाण्यावर चाले, म्हणून ती नदीकाठच्या गावात होती. वॅटने १७८१ मध्ये वाफेच्या इंजिनातून चाक फिरवण्याची गती मिळवली, तेव्हा गिरणी नदीपासून सुटली. मग कोळसा, मजूर आणि बाजार जिथे सोयीचे, तिथे ती उभी राहू लागली. "लोक शहरात गेले" एवढ्यावर परीक्षकाचं समाधान होत नाही, आणि होऊ नयेच.

आता वर्ग आणि जात. वेगळे लिहा, पण ते एकमेकांना कुठे छेदतात ते दाखवा. वर्ग ठरतो उत्पादनातल्या जागेवरून: तुम्ही गिरणीचे मालक आहात की मजुरीवर काम करता. जात जन्माने चिकटते आणि कोणाबरोबर जेवायचं, कोणाशी लग्न करायचं, कोणतं काम करायचं हे ठरवू पाहते. मुंबईच्या गिरण्यांमध्ये दोन्ही एका धोट्यात, म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या साधनात, भेटतात. मागावर काम करताना धोट्यातल्या कांडीवरचं (सूत गुंडाळलेल्या नळीवरचं) सूत संपलं की विणकर नवी कांडी धोट्यात बसवी आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घेई. तोच धोटा पुढच्या पाळीचा माणूस तसाच तोंडाला लावणार. सवर्ण कामगारांनी दलितांबरोबर धोटा वापरायला नकार दिला आणि दलितांना विणाई खात्याबाहेर ठेवलं गेलं. ते सूतकताईत राहिले, जिथे मजुरी कमी होती. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला: मागण्या सगळ्या कामगारांच्या असतील, तर विणाई खातं सगळ्यांना खुलं का नाही?

वर्ग एकच, मालक एकच, तरी मजुरीत जातीने फरक पाडला. कारखाना आला की जात आपोआप विरघळते, या समजुतीला याहून ठोस उत्तर मला माहीत नाही. बडोद्याचा दुवाही इथेच आहे. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेलेले आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानाच्या नोकरीत आले आणि या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पदवी होती, पगार होता, घर नव्हतं. कमाटी बागेतली संकल्पभूमी, म्हणजे या प्रसंगाचं स्मारक, रोज पाहत असाल, तर हे उदाहरण विसरणार नाही.

मकरपुरा_राज्यशास्त्र

उदारमतवादी आणि रॅडिकल यांतला फरक मताधिकाराच्या कसोटीवर लावा, लगेच उलगडतो. एकोणिसाव्या शतकातल्या उदारमतवाद्याला निवडून आलेलं सरकार, स्वतंत्र न्यायव्यवस्था, धर्माबाबत सहिष्णुता हे सगळं हवं होतं, पण मत मालमत्ता असलेल्या पुरुषांनाच. रॅडिकल म्हणे, सरकार बहुसंख्यांचं हवं. त्यांच्यातल्या अनेकांचा स्त्रियांच्या मताधिकारालाही पाठिंबा होता. जमीनदार आणि गिरणीमालकांचे विशेषाधिकार त्यांना नको होते, पण खासगी मालमत्तेलाच त्यांचा विरोध नव्हता. तो विरोध आला की माणूस समाजवादी झाला.

उदाहरण इंग्लंडमधलं घ्या. १८३२ च्या सुधारणा कायद्याने मध्यमवर्गाला मत मिळालं, मजुरांना नाही. त्यातून चार्टिस्ट चळवळ निघाली. १८३८ च्या त्यांच्या सनदेतल्या सहा मागण्या अशा: सर्व प्रौढ पुरुषांना मत, गुप्त मतदान, सारख्या आकाराचे मतदारसंघ, खासदाराला मालमत्तेची अट नको, खासदाराला मानधन, आणि दरवर्षी निवडणूक. शेवटची सोडून बाकी पाचही पुढे कायद्यात आल्या. चळवळ मजुरांची म्हणून तिला समाजवादी लिहिण्याचा मोह होतो. मागण्या पुन्हा वाचा, त्यात मालकीबद्दल एक अक्षर नाही. सहाही सत्तेबद्दल आहेत. म्हणून ती रॅडिकल.

कारखाना कायदे हा विषयही याच घटकात विचारतात. ब्रिटनमध्ये १८०२ आणि १८१९ चे कायदे कागदावरच राहिले, कारण तपासायला पगारी निरीक्षकच नव्हते. १८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी केली आणि चार निरीक्षक नेमले. तरी एक अडचण उरली: मूल नऊ वर्षांचं आहे हे ठरवायचं कसं? इंग्लंडमध्ये नागरी जन्मनोंदणी सुरू झाली १८३७ मध्ये. तोवर डॉक्टर मुलाचा बांधा बघून वयाचा दाखला देई. कायदा चालायला नुसती तरतूद पुरत नाही, नोंद आणि तपासणी लागते. राज्यसंस्थेवरच्या कोणत्याही उत्तरात हा मुद्दा उपयोगी पडतो.

भारतात १८८१ चा कायदा शंभरावर कामगार असलेल्या कारखान्यांना लागू झाला. सात वर्षांखालच्या मुलांना बंदी, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा. १८९१ मध्ये किमान वय नऊ झालं, स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा आली आणि साप्ताहिक सुट्टी मिळाली. त्यामागे मुंबईत १८८४ पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा आणि अर्ज यांतून केलेलं काम आहे, आणि मुंबईचं स्वस्त सूत नको असलेल्या मँचेस्टरच्या गिरणीमालकांचा दबावही आहे. दोन्ही कारणं लिहा. एकच लिहिलंत तर उत्तर लंगडं होतं.

वाडीकर_एफवाय

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका राहिली. सयाजीरावांनी शिक्षण सक्तीचं केलं, मग त्यांना उदारमतवादी म्हणायचं का? आणि १९६९ चं बँक राष्ट्रीयीकरण म्हणजे समाजवाद का?

रावपुरा_इतिहास

सयाजीरावांच्या धोरणांना सुधारणावादी म्हणा, त्यात उदारमतवादी विचार आहेत असंही म्हणा. पण राज्यपद्धतीला उदारमतवादी म्हणू नका, कारण राजाच्या सत्तेवर निवडून आलेल्या सभेचं बंधन ही त्या विचाराची पहिली अट आहे. राष्ट्रीयीकरणाचंही तसंच. मालकी सरकारकडे गेली, बँकेत काम करणाऱ्यांकडे नाही, आणि बाजार चालूच राहिला. त्यामुळे "समाजवादाकडे झुकलेलं धोरण" एवढं लिहिणं सुरक्षित. ते मिश्र अर्थव्यवस्थेखाली घाला.

दीडशे शब्दांत बसवताना पहिल्या वाक्यातच सांगा की संकल्पना तंत्राबद्दल आहे, मालकीबद्दल की सत्तेबद्दल. मग एक उदाहरण साल आणि गावासह, साधारण साठ शब्दांत. त्यानंतर उलट बाजूचं एक उदाहरण चाळीसेक शब्दांत, आणि उरलेल्या जागेत दोन्हींतला फरक. "आजच्या काळात याचे महत्त्व वाढले आहे" अशा वाक्यात वीस शब्द घालवू नका, त्याला गुण नसतात. त्या जागी धोट्याचं नाहीतर जन्मनोंदणीचं उदाहरण घाला.

धोटा_आणि_कांडी

सालांच्या दोन जोड्या हमखास उलटतात, तेवढ्या पक्क्या करा. मुंबईची पहिली कापड गिरणी १८५४ ला स्थापन झाली आणि १८५६ ला चालू झाली; अहमदाबादची १८६१ ची. आणि अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस १९२० ची, तर कामगार संघटनांना कायद्याची मान्यता देणारा कायदा १९२६ चा. संघटना आधी, कायदा नंतर.