हार्ड डिस्कमधली चोरीची गाणी

पेटीवाला:
जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी हार्ड डिस्क उघडून बघितली. 'गाणी' नावाच्या फोल्डरात ३८ जीबी निघाले. नाट्यपदं, भावगीतं, खंडीभर हिंदी, आणि 'नवीन फोल्डर (४)' मध्ये देव जाणे काय काय. त्यातलं पैसे देऊन घेतलेलं किती, तर चौदा सीडी. बाकी सगळा माल रात्रीचा. आमच्या ब्रॉडबँडला तेव्हा रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असायचं. दोनचा गजर लावून उठायचो, दहा गाणी लावून द्यायचो आणि पुन्हा आडवा. बायको म्हणायची, एवढं उठून रियाज केला असतात तर स्वतःच गायला लागला असतात.

हे आत्ता आठवायचं कारण भाची. तिचं पहिलं गाणं गेल्या महिन्यात आलं. फोन करून म्हणाली, "मामा, ॲपवरच ऐक हां. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलं तर ते नको." मी हो हो म्हटलं. हार्ड डिस्कबद्दल काही बोललो नाही.

तरी माझं मत सांगतो. हल्ली मी एका ॲपचे दरमहा पैसे भरतो, पण त्याला विकत घेणं म्हणायला जीभ रेटत नाही. ते भाडं आहे. परवा माझ्या यादीतली अकरा गाणी करडी झाली, दाबली तरी वाजेनात. करार संपला असेल कुणाचा तरी कुणाशी. हार्ड डिस्कवर मात्र अकराच्या अकरा आहेत. ज्याला पैसे मोजूनही गाणं कायमचं मिळत नाही, त्याने ते उतरवून घेतलं तर मी त्याला चोर म्हणणार नाही. बोला.

सडेतोड:
मी म्हणतो. खानावळ बंद होती म्हणून शेजाऱ्याचा डबा उघडून खाल्ला, असं आहे हे. आणि बंद तरी कुठे होती? मुंबईचं रिदम हाऊस २०१६ पर्यंत सुरू होतं. तुम्ही गजर लावत होतात तेव्हा दुकानात कॅसेटी आणि सीड्या मांडून ठेवलेल्या होत्या.

पेटीवाला:
रिदम हाऊस काळा घोड्याला, मी परभणीला. आमच्याकडे कॅसेटच्या दुकानात मागितलेलं सोडून सगळं मिळायचं.

सडेतोड:
मग ऑनलाइनचं सांगतो. २०१२ मध्ये फ्लिपकार्टने 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान काढलं. गाणं सहा रुपयांपासून, एमपी३ फाइल कायमची आपली, परभणीतही उतरवता येईल अशी. २०१३ च्या मध्यावर बंद केलं त्यांनी. तुम्हाला हवं तेच होतं की ते. तेव्हा कुठे होतात?

पेटीवाला:
झोपलो होतो. दोनला उठायचं असायचं ना.
(लागलं मात्र. सहा रुपये म्हणजे तेव्हाचा एक चहा.)

खान्देशी पाहुणा:
राम राम मंडळी. तुम्ही शहरवाले एकदम न्यायालयच भरवता. आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेर मोबाईल रिपेअरिंगच्या टपऱ्या होत्या. वीस रुपये दिले की मेमरी कार्ड भरून मिळायचं. 'भक्ती', 'हळदी डीजे', 'नवीन अहिराणी' असे फोल्डर. टपरीवाल्याचं नाव गाण्याच्या मधोमध ओरडायचं, ते ऐकूनच गाणं कुठून भरलं ते कळायचं.

आता हे चोरीचं म्हणा, पण अहिराणी गाणं गावोगाव पोचलं ते या कार्डांवरून. मोठ्या कंपन्या आमच्या बोलीला विचारत नव्हत्या. ज्याचं गाणं टपरीवर चाललं त्याला पुढच्या लग्नसराईत सुपाऱ्या आल्या. माझ्या ओळखीचा एक गायक तर स्वतःच पेन ड्राइव्ह घेऊन टपऱ्या फिरायचा. म्हणायचा, भाऊ, टाक सगळ्यांच्या कार्डात. तो कुणाला चोर म्हणणार?

सडेतोड:
त्याने स्वतः दिलं, हा फरक आहे की नाही? मी माझं जेवण वाटलं तर दान, तुम्ही माझं वाटलंत तर?

खान्देशी पाहुणा:
तुमची सगळी उदाहरणं जेवणाचीच का हो? डबा खाल्ला की संपतो. गाणं संपलं का?

चाल_लावणारा:
इतका वेळ फक्त वाचत होतो. २००८ साली मी पदरचे पैसे घालून आठ भावगीतांची सीडी काढली. स्टुडिओ तासावर. बासरीवाले उशिरा आले तेव्हा माझी नजर फक्त घड्याळावर. वादकांना त्याच दिवशी पाकीट, त्यांचा हिशोब तिथेच संपतो. हजार प्रती छापल्या. प्रकाशनाच्या कार्यक्रमात सव्वाशे खपल्या, त्यातल्या निम्म्या नातेवाइकांत. तीन आठवड्यांत एका साइटवर आठही गाणी हजर. आवाज असा की तानपुरा डबक्यात ठेवलाय. कवयित्रीचं आडनाव चुकलेलं, आणि संगीतकार? 'पारंपरिक'!

पैसे बुडाले ते एकवेळ गिळलं. पण जिवंत माणसाला पारंपरिक करून टाकलं राव. मागे एका लग्नात बँडवाल्याने त्यातली एक चाल वाजवली. मी कौतुकाने विचारलं, कुणाची हो? म्हणाला, जुनी आहे, पब्लिकची.

पाहुण्यांना एवढंच सांगतो. तुमच्या गायकाला सुपारी मिळते कारण तो स्टेजवर उभा राहतो. चाल बांधणारा आणि शब्द लिहिणारा घरी बसलेले असतात. त्यांना कुणी हळदीला बोलावत नाही.

खान्देशी पाहुणा:
हे मात्र खरं आहे. आमच्यातही गाणी लिहिणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसतं.

कलमबहाद्दर:
थोडं कायद्याचं, कारण 'सगळंच चोरी' आणि 'काहीच चोरी नाही' दोन्ही चूक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एका गाण्यात निदान तीन हक्क असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९६० साली बाजारात आलेल्या तबकडीचा २०२० अखेर संपला. शब्द आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ ला गेले, त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत हक्कात आहेत. उलट 'स्वयंवर' नाटकाची पदं लिहिणारे खाडिलकर गेले १९४८ ला आणि त्यांना चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ ला. बालगंधर्वांच्या जुन्या तबकडीवरचं 'स्वयंवर'मधलं पद तुमच्या ३८ जीबीत असेल तर तेवढ्यापुरते तुम्ही निर्दोष, पेटीवाले.

आणि चाल_लावणारा, २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटीखेरीज कुणाला लिहून देताच येत नाही. जावेद अख्तरांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला होता. आधी कंपन्या एकरकमी पैसे देऊन सगळं लिहून घ्यायच्या.

चाल_लावणारा:
माहीत आहे. पण रॉयल्टी 'पारंपरिक'च्या नावावर जमा होते का ते सांगा.

न्यू_जर्सीची_काकू:
इथून मराठी गाणं लावायला गेलं की 'तुमच्या देशात उपलब्ध नाही'. अहो, पैसे घ्या की! डॉलरमध्ये देते. कंपनीने हक्क फक्त भारतापुरते दिलेत म्हणे. मग काय, मुलगा यूट्यूबवरून उतरवून देतो आणि गणपतीत तेच वाजतं. वाईट वाटतं, पण गणपती गाण्यावाचून बसवू का?

सडेतोड:
काकूंना मी सोडतो. विकणाराच दार लावून बसला तर गिऱ्हाइकाने काय करायचं. पेटीवाल्यांना नाही सोडत, त्यांच्यासमोर सहा रुपयांचं दार उघडं होतं.

पेटीवाला:
नका सोडू. काल रात्री फोल्डर चाळत बसलो होतो. गंधर्वांचं सगळं ठेवलं. बाकीच्याची यादी करतोय, यातलं आज विकत काय मिळतं ते बघायला. पहिल्या चाळीसात फाइल म्हणून विकत मिळालेली पाच. पुसायला मात्र हात होत नाही, हेही खरंच.

आणि चाल_लावणारा, एक कबुली. 'संगीत: पारंपरिक' असं लिहिलेली आठ भावगीतं माझ्याकडे आहेत. तानपुरा डबक्यातलाच. तिसऱ्या गाण्यात बासरीवर केदार राग आहे का?

चाल_लावणारा:
आहे. उशिरा आलेल्या बासरीवाल्यांचाच तो.

पेटीवाला:
माळ्यावर सीडी असतील ना अजून? दोन द्या. एक मला, एक भाचीला. किंमत सांगा.

चाल_लावणारा:
चारशे प्रती आहेत. छापील किंमत ऐंशी. प्लेअर आहे का तुमच्याकडे?

पेटीवाला:
नाही. गाडीत होता, ती गाडीच विकली.

चाल_लावणारा:
पत्ता खाजगी निरोपात कळवा. सीडी पाठवतो, आणि चांगल्या आवाजातल्या फाइल मेलवर. ती जुनी आठ तेवढी पुसा.