विषय: संगीत सौभद्र – ऑडिशनबद्दल

सचिव:
मंडळी, नमस्कार. गणपतीत यंदा ‘संगीत सौभद्र’मधले निवडक प्रवेश करायचं ठरलंय. प्रत्येकाने एक नाट्यपद कराओके ट्रॅकवर गाऊन व्हिडिओ पाठवावा. सुट्टीला संभाजीनगर, परभणी, लातूरकडे गेलेल्यांनी तिकडूनच पाठवला तरी चालेल. गाणं तेवढं चांगलं हवं, अभिनय तालमीत बसवून घेऊ.

काका (सध्या मुक्काम सिडको, संभाजीनगर):
सचिवसाहेब, शेवटचं वाक्य वाचून राहवेना. संगीत नाटकात अभिनय मागाहून बसवता येत नाही. तयारीचा गवई पद आलं की पात्र सोडून मैफलीला जाऊन बसतो. डोळे मिटतो, हात हवेत. ज्या रुक्मिणीची समजूत काढायची ती शेजारी पदराशी चाळा करत उभी. तिचा रुसवा कधीच निघून गेलेला असतो, पण याच्या ताना संपत नाहीत.

सौभद्र तसं नाटकच नाही. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात ‘शाकुंतल’ केलं आणि 1882 मध्ये ‘सौभद्र’ आणलं. साकी, दिंडी अशी जुनी गेय वृत्तं, कीर्तनातल्या चाली. पदं पुष्कळ, पण बरीचशी आटोपशीर. पात्र बोलता बोलता गातं आणि गाता गाता पुन्हा बोलतं. पुढे ‘मानापमान’ला (1911) गोविंदराव टेंब्यांनी आणि ‘स्वयंवर’ला (1916) भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, तेव्हा रागदारी ऐसपैस पसरली. ते वैभव मोठंच आहे, पण आपण सौभद्रही त्याच कानांनी ऐकायला लागलो.

यंदा नाथषष्ठीला पैठणला गेलो होतो. वाळवंटात एक भारूडकरी उभा, चांगला मिशीवाला. उपरण्याचा पदर डोक्यावर ओढला, कंबर किंचित मोडली आणि झाला सासुरवाशीण. दोन वाक्यं बोलला. तिसरं कधी गाण्यात गेलं कळलंच नाही. टाळकऱ्यांनी ध्रुवपद उचललं तेवढ्यात याने दम घेतला, गर्दीतल्या एका म्हाताऱ्याला सासरा ठरवलं आणि पुढची ओळ थेट त्याच्यावर टाकली. तो म्हातारा हसू दाबत खरंच सासऱ्यासारखा बसून राहिला. मला आपल्या नाटकात असा माणूस हवाय. आणि खरं सांगू, तो म्हाताराही हवाय.

म्हणून माझी सूचना. ट्रॅक नको, पेटी ठेवा. ट्रॅकची पट्टी ठरलेली. कुणाचा आवाज पांढरी एकचा, कुणाचा काळी पाचचा, त्यांनी काय करावं? शिवाय ट्रॅक कुणासाठी थांबत नाही, पेटीवाला थांबतो. आधी समोरच्याशी चार वाक्यं बोलायची. त्या बोलण्याखाली पेटीवाला एकदा षड्ज, म्हणजे ‘सा’, देईल, तो धरून पदात शिरायचं. पद संपलं की टाळ्यांची वाट न बघता पुढची दोन वाक्यं. चांगले चांगले तिथंच घसरतात: सूर वरच राहतो आणि बोलणं किंचाळल्यासारखं होतं. आणि गाणाऱ्याइकतेच गुण ऐकणाऱ्याला द्या.

वहिनी (माहेरी, लातूर):
काका, पटलं हो. पण पेटी ऑनलाइन कशी वाजवणार? मागच्या वर्षी झूमवर आरती म्हटली होती ते आठवा. टाळ्या इकडं, देव्हारा तिकडं, शेवटी सगळ्यांना म्यूट केलं. आणि मी गाणं शिकलेली नाही, भजनी मंडळात म्हणते तेवढंच. आमच्यासारख्यांना ट्रॅकचाच आधार असतो. इकडं आई म्हणायली, “अगं, तुला कोण घेतंय नाटकात!”

काका:
आईंना माझा नमस्कार सांगा, आणि दिंडी म्हणता येते का तेवढं कळवा. येत असेल तर अर्धं सौभद्र तुमच्या गळ्यात आहे. किर्लोस्करांच्या मंडळीतले भाऊराव कोल्हटकर सुभद्रा करायचे तेव्हा त्या गळ्यावर लोक वेडे होते. तेवढा गळा आपल्यात कुणाचाच नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही. झूम नकोच. घरीच फोन उभा करा, तानपुऱ्याचं ॲप लावा, समोरची वाक्यं घरातल्या कुणालाही वाचायला सांगा. सगळं एका दमात, मध्ये कापाकापी नाही. संभाजीनगरात असतील त्यांनी रविवारी सकाळी माझ्याकडे यावं, पेटी आहे. पोहे मिळतील.

नाना (परभणीकर):
पोह्यांसाठी येतो. गाणार नाही, सासरा होऊन बसतो. एक विनंती: मूळ नाटकात शंभरावर पदं आहेत, कात्री बेतानं चालवा. गाजलेली तेवढी ठेवून मधल्या साक्या-दिंड्या उडवल्या तर नाटक जाऊन नाट्यसंगीताची रजनी होईल. आणि वन्समोअर एकदाच. हॉलवाला दहाला दिवे घालवतो, तेव्हा कृष्ण अंधारात गात होता हे विसरलो नाही.

सचिव:
बरं. ट्रॅक रद्द. चार वाक्यं, पद, दोन वाक्यं. सलग व्हिडिओ, आपल्याच पट्टीत. समोर वाचणारा माणूसही फ्रेममध्ये दिसू द्या. प्रवेशाचा कागद उद्या पाठवतो. वहिनी, तुमचं नाव मी लिहून टाकलंय, आईंना तुम्हीच सांगा. काका, रविवारी तबल्याचं काय?