छाटणीआधी फोन घ्यायचाय: पिक्सेल ८ए की गॅलेक्सी ए५५?

बागेतला_सल्लागार (निफाड)

राम राम मंडळी. मी द्राक्षबागांना सल्ला देतो. निफाड आणि दिंडोरी मिळून बेचाळीस बागा आहेत, बहुतेक थॉमसन (बिनबियांच्या द्राक्षाची जात), त्यातल्या सात-आठ निर्यातीच्या. गोड छाटणी (फळासाठीची छाटणी) पंधरा दिवसांवर आली आहे आणि त्याआधी फोन बदलायचाच आहे. दोन फोन डोळ्यांसमोर आहेत, किमती २०२४ च्या: गूगलचा पिक्सेल ८ए (५२,९९९) आणि सॅमसंगचा गॅलेक्सी ए५५ (३९,९९९ पासून पुढे). दोन्ही २०२४ चेच. यूट्यूबवर तुलना बघून बघून डोकं भंजाळलं, कारण तिथे सगळे गेम आणि रात्रीच्या फोटोंवरच बोलतात. माझं काम वेगळं आहे.

सकाळी साडेसहाला बागेत असतो. दव असतं तेव्हाच पानाखालची बुरशी नीट दिसते. डाव्या हातात पान उलटं धरायचं, उजव्या हातात फोन. दिवसाला साठ-सत्तर फोटो होतात. वर शेतकऱ्यांचे फोन रात्री दहापर्यंत. सिम दोन: एका नंबरवर अकरा वर्षांपासून सगळे शेतकरी, दुसऱ्यावर बँक आणि घर. दुपारी उन्हात स्क्रीन वाचता आली पाहिजे, कारण औषधाचं प्रमाण मी तिथेच लिहून पाठवतो. संध्याकाळी हाच फोन मुलीच्या अभ्यासाला आणि आईला व्हिडिओ कॉलला लागतो.

कॅमेऱ्याबद्दल एवढं का विचारतोय ते सांगतो. गेल्या हंगामात एका बागेत छाटणीनंतर तिसाव्या दिवशी, दोन दिवस ढगाळ आणि रिमझिम झाल्यावर, घडावर पांढरं दिसलं. संध्याकाळ झाली होती, नुसत्या डोळ्यांनी खात्री पटेना. फोटो काढून माझ्या गुरूंना पाठवला. माझ्या जुन्या फोनने फोटो इतका गुळगुळीत करून टाकला होता की पांढऱ्या लवेचा पोतच पुसला गेला, नुसता राखाडी थर दिसत होता. ते भुरी (पूड बसल्यासारखी दिसणारी बुरशी) म्हणाले, मलाही तसंच वाटलं, गंधक मारलं. निघाली डाऊनी, म्हणजे केवडा, ही वेगळी बुरशी. गंधकाने डाऊनीला काही होत नाही. ती दोन दिवसांत पसरली, अर्ध्या एकरातले घड तपकिरी पडून गळाले. तो शेतकरी मला एका शब्दाने उलटं बोलला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

ए५५ ला वेगळा मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायचा) कॅमेरा आहे, पिक्सेलला नाही. म्हणून मन ए५५ कडे झुकतंय. बरोबर विचार करतोय का?

दुरुस्तीवाली_ताई

भाऊ, मी चौदा वर्षं मोबाइल दुरुस्त करतेय, त्यातले निम्मे फोन बागेतून येतात. कॅमेऱ्याचं जाणकार सांगतील, मी बाकीचं सांगते.

दोन्ही फोन आयपी६७ आहेत. म्हणजे एक मीटर साध्या पाण्यात अर्धा तास. साध्या पाण्यात, हे लक्षात ठेवा. ब्लोअरची (फवारणी यंत्राची) फवार, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण), स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य) घातलेलं औषध यांची चाचणी त्यात नसते. चार्जिंगच्या खाचेत औषध वाळलं की पिना हिरव्या पडतात. असे फोन माझ्याकडे नोव्हेंबरात रोज येतात. फवारणी चालू असेल तेव्हा फोन गाडीत ठेवा आणि घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसा.

दुसरं, सिम. पिक्सेलमध्ये एकच प्लॅस्टिकचं सिम बसतं, दुसरं ई-सिम (फोनच्या आतच असलेलं, काढता न येणारं) करावं लागतं. चालतं ते, पण बागेत फोन बंद पडला तर प्लॅस्टिकचं सिम काढून साध्या फोनमध्ये टाकता येतं आणि पाच मिनिटांत तुम्ही पुन्हा शेतकऱ्याशी बोलता. ई-सिमला ते होत नाही. अकरा वर्षांचा नंबर आहे तुमचा, तो तरी प्लॅस्टिकवरच ठेवा.

तिसरं कुणी सांगत नाही: ए५५ ची खाच हायब्रीड आहे. दुसरं सिम घातलं की मेमरी कार्ड बसत नाही. दोन सिम वापरणार म्हणजे कार्डाचा विचार सोडा आणि २५६ जीबीचाच घ्या, त्याची २०२४ ची किंमत ४२,९९९. चार्जर दोन्हींच्या डब्यात मिळत नाही, तो खर्च धरा.

तासगावचा_बागायतदार

दादा, माझी स्वतःची चार एकर आहे, तुमची गोष्ट वाचून पोटात कालवलं.

मॅक्रोवर जाऊ नका. ए५५ चा मॅक्रो ५ मेगापिक्सेलचा आहे, हात थोडा पुढे-मागे झाला की धूसर. थ्रिप्स (फुलकिडा) जेमतेम एक मिलिमीटरचा, तो त्यात नुसती पिवळी रेघ दिसतो. त्यापेक्षा तुमच्याकडे दहा पटीचं भिंग असणारच. ते मुख्य कॅमेऱ्याच्या काचेला टेकवा आणि पान जवळ आणत आणत स्पष्ट होईपर्यंत थांबा. फोन हलवायचा नाही, पान हलवायचं. डाऊनीच्या लवेचे धागे उभे दिसतात, भुरीची पूड बसलेली दिसते. मी चार वर्षं असंच करतोय, फोन कुठलाही असो.

एका हाताने फोटो काढायचा तर स्क्रीनवर अंगठा नेऊ नका, आवाजाचं बटण दाबा. दोन्ही फोनमध्ये त्यावर फोटो निघतो.

आणि पाठवताना! व्हॉट्सअॅपवर नुसता फोटो टाकला की तो दाबला जातो. निदान एचडी करा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. डॉक्युमेंटमध्ये फोटोची वेळ आणि जागाही टिकते, निर्यातीच्या बागेची नोंद ठेवायला उपयोगी पडते. तुमच्या गुरूंनी पाहिलेला फोटो व्हॉट्सअॅपने दाबलेला असेल तर अर्धा दोष तिथेही आहे.

कोथरूडकर

मी पिक्सेलच्या बाजूने बोलतो. उन्हाचा मुद्दा हलका घेऊ नका. पिक्सेल ८ए ची स्क्रीन जास्तीत जास्त २००० निट्सपर्यंत (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) जाते, ए५५ ची १०००. वजन १८८ ग्रॅम, ए५५ चं २१३. स्क्रीन ६.१ इंचांची, त्यामुळे मुठीत बसतो. आणि सात वर्षं अपडेट, म्हणजे २०३१ पर्यंत. सॅमसंग अँड्रॉइडच्या चार नव्या आवृत्त्या आणि पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट देतं. बँकेचे व्यवहार त्याच फोनवर असतील तर हा फरक मोठा आहे. बॅटरी मात्र ए५५ ची मोठी, ५००० विरुद्ध ४४९२.

रंगाचंही बघा. पिक्सेल पानाचा हिरवा रंग मला जास्त खरा दाखवतो असं वाटतं.

बागेतला_सल्लागार

सगळ्यांचे मनापासून आभार. काल नाशिकला जाऊन आलो. सकाळी बागेतून डाऊनीचं एक पान तोडलं, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि दुकानात नेलं. दुकानदाराने दोन्ही फोन हातात दिले. पायरीवर येऊन, बाराच्या उन्हात, त्याच पानाचे दोन्हींवर फोटो काढले.

कोथरूडकर, तुमचं दोन्ही खरं निघालं. पिक्सेलची स्क्रीन उन्हात लख्ख दिसते. पानाच्या वरच्या बाजूचा तेलकट डाग ए५५ मध्ये जरा जास्तच पिवळा आला, पिक्सेलमध्ये पानावर होता तसाच. मॅक्रो लावून पाहिला, तासगावच्या दादांनी सांगितलं तसंच झालं, तो विषय संपला. मग भिंग काढलं. पान उलटं करून हळूहळू जवळ आणलं आणि एका क्षणी ती लव दिसली. कापसासारखी, प्रत्येक धागा वेगळा, मधे शिरेच्या कडेला दवाचा एक थेंब अजून टिकलेला. दोन्ही फोनमध्ये दिसली. पायरीवर उभा राहून मी बराच वेळ तो फोटो मोठा करून बघत होतो. गेल्या वर्षी हे दिसलं असतं तर...

ए५५ घेतला, २५६ जीबीचा. पिक्सेलचा २५६ वाला ५९,९९९ ला होता, सतरा हजारांचा फरक, आणि भिंगाखाली दोघे सारखेच. स्क्रीन उन्हात पिक्सेलइतकी उजळ नाही, पण अक्षर मोठं करून वाचता येतं, तेवढं मी चालवून घेईन. रंगाबद्दल ठरवलंय की रोगाचं निदान रंगावरून करायचंच नाही, पोत बघायचा. दोन्ही सिम प्लॅस्टिकची. गुरूंना पहिला फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, त्यांचं दोन मिनिटांत उत्तर आलं: "डाऊनी. शंकाच नाही."

त्या शेतकऱ्याची छाटणी पुढच्या शुक्रवारी आहे. या वेळी पहिले चाळीस दिवस एक दिवसाआड त्याच्या बागेत जाणार आहे.

ताई, एकच अडचण. दुकानदाराने दिलेल्या कव्हरची कॅमेऱ्याभोवतीची कड उंच आहे, भिंग काचेला टेकत नाही. कुठलं घेऊ?

दुरुस्तीवाली_ताई

पातळ सिलिकॉनचं घ्या भाऊ, कड मी ब्लेडने कापून देते. पिंपळगावला मार्केट यार्डाकडे येणं झालं की फोन आणि भिंग दोन्ही घेऊन या, मापाने कापावं लागेल.