मदत हवी आहे: घरकुलाच्या नावाखाली बुकिंगची रक्कम घेतलेल्यांची तक्रार कुठे करायची?

कोल्हापुरात फुलेवाडी रिंगरोड परिसरात एक एजंट पंतप्रधान आवास योजनेतून वन बीएचके मिळवून देतो म्हणून घरटी २५,००० रुपये घेतोय. पत्रकावर आमच्या नगरसेवकांचा फोटो आहे. तो न विचारता छापल्याचं ते सांगतात आणि याच विषयावर प्रभागात बैठक घेणार आहेत.

आत्तापर्यंत एवढं पाहिलं आहे: पत्रकावर महारेराचा (राज्याच्या बांधकाम प्रकल्प नियामकाचा) नोंदणी नंबर नाही आणि महारेराच्या साइटवर त्या नावाचा प्रकल्प सापडत नाही. ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवर आठाहून जास्त फ्लॅट असतील, तर नोंदणीशिवाय जाहिरात किंवा बुकिंग करताच येत नाही. इथं चाळीस फ्लॅट सांगतायत. एजंटला सातबारा आणि एनए (जमीन बिगरशेती केल्याचा) आदेश मागितला, तर "फाइल मंत्रालयात आहे" एवढंच उत्तर. पावतीवर फक्त 'सहकार्य निधी' लिहिलंय, फ्लॅटचा उल्लेखच नाही. मला हीच सगळ्यात मोठी अडचण वाटते.

काहींनी यूपीआयनं दिलेत (स्क्रीनशॉट आहेत), बाकीच्यांनी रोख. पैसे देऊन महिना उलटला. बहुतेक जण रोजंदारीवर आहेत, वकिलाची फी परवडणारी नाही.

यूपीआयवाल्यांनी १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) आणि रोखवाल्यांनी पोलीस ठाण्यात अशी वेगळी तक्रार करावी, की सगळ्यांची एकत्र चालते? रोख दिल्याचा पुरावा म्हणून शेजाऱ्यांचे जबाब पुरतात का? आणि बैठकीत नगरसेवकांकडून नेमकं काय लेखी घ्यावं, जे पोलिसांपुढं उपयोगी पडेल?