जिमची फी घासून घेणं म्हणजे ट्रेनरच्या पोटावर पाय?

सकाळची बॅच: काल इथे एका जिमवाल्या दादांनी लिहिलं, की मंडईत आल्यासारखी घासाघीस करणाऱ्यांमुळे ट्रेनरचे पगार थकतात. ते फार लागलं, म्हणून सविस्तर लिहिते. आमच्या भागातल्या जिममध्ये काउंटरवरच्या मुलीने लॅमिनेट केलेला कागद पुढे केला. वर्षाचे 24,000, त्यावर मार्करने काट, शेजारी 16,000 आणि खाली "फक्त आज". घरी विचारून सांगते म्हणून उठले. जिना उतरत होते तोवर फोन आला, मॅडम, 14,000 करू. तोंडातून अवाक्षर न काढता दहा हजार उतरले! मग घासाघीस सुरू कोणी केली? मी मागितलं ते इतकंच: तीन महिन्यांचे पैसे घ्या पण दर वर्षाचा लावा, आणि गावी गेले तर तेवढे दिवस पुढे वाढवून द्या. तेही पावतीवर लिहून.

जिमवाला: ते मीच लिहिलं होतं, आणि मागे घेत नाही. जानेवारीत पाय ठेवायला जागा नसते, परीक्षा आणि लग्नसराईत हॉल रिकामा. भाडं मात्र बाराही महिने. आगाऊ फीवरच ते निघतं. तीन महिन्यांना वर्षाचा दर लावला तर वर्षभराचे भरणाऱ्यांना मी काय तोंड दाखवू?

नळस्टॉप: भाड्याचं राहू द्या. 22 सप्टेंबर 2025 पासून जिमचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. 10,000 वर 11,800 व्हायचे, त्याचे 10,500 व्हायला हवेत. माझ्याकडून नंतरही 11,800च घेतले.

जिमवाला: अर्धवट सांगू नका. 5 टक्के करताना इनपुट क्रेडिट काढून घेतलं. भाड्यावरचा, मशिनवरचा कर आधी वळता व्हायचा, आता तो आमच्याच अंगावर.

नळस्टॉप: सगळे 1,300 तुमच्या अंगावर? मूळ फी वाढवली असेल तर तसं बिलात दाखवा ना. मी बिल मागितलं तर व्हॉट्सॲपवर "पेड" एवढंच आलं!

लाल माती, कोल्हापूर: तालमीत या. जोर-बैठका मारायला ट्रेडमिल लागत नाही.

ठाणेकरीण: दादा, बायकांनी कुठल्या तालमीत जायचं ते सांगा, मग बोला. मी वर्षाचे भरले आणि चौथ्या महिन्यात शटर पडलं. दारावर चिठ्ठीसुद्धा नाही, ग्रुपवरून ॲडमिन गायब. पाठीच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, भिशीचे पैसे होते ते. कमी दराच्या मोहात मुदत वाढवून घेतली, हीच माझी चूक. पावती जपली होती म्हणून ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार तरी नोंदवता आली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही नाही, हे तेव्हा कळलं.

जिमवाला: ताई, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण एकाने शटर पाडलं म्हणून सगळे चोर नव्हेत.

सकाळची बॅच: चोर कोणीच म्हटलं नाही. शटर पडलं तर माझे तीन महिने बुडावेत, बारा नाहीत, एवढंच म्हणणं आहे.

जिमवाला: बरं. दिवस वाढवून द्यायचं पावतीवर लिहून देईन, वर्षातून 30 दिवस. तीन महिन्यांना वर्षाचा दर नाही म्हणजे नाही.

नळस्टॉप: आणि जीएसटीचं बिल?