ठासणीची बंदूक, व्हाइटटेल हरीण: गोळी कोणती, दारू किती? (पेनसिल्व्हेनिया)

लँकेस्टरकर
नमस्कार मंडळी. शिकारीचा धागा बघून काहींच्या भुवया उंचावतील, पण मासेमारीच्या धाग्यावर दोघा-तिघांच्या बोलण्यातून कळलं की इथे बंदूकवालेही आहेत. म्हणून विचारतो.

हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स केला आहे, लायसन्स काढलं आहे. शेजारच्या आजोबांनी त्यांची लायमन ग्रेट प्लेन्स रायफल मला विकली. .५० कॅलिबर, चकमकीची, उघडी साइट. २६ डिसेंबरला सुरू होणाऱ्या फ्लिंटलॉक हंगामात ती घेऊन जायचा विचार आहे. मित्राच्या शेतामागे ओक-मेपलचं रान आहे, तिथे ४० ते ७० यार्डांपलीकडचं काही दिसतच नाही.

दुकानातल्या मुलाने २५० ग्रेनच्या टोकदार सॅबो (प्लास्टिकच्या वेष्टणातल्या) गोळ्या आणि पायरोडेक्सच्या ५० ग्रेनच्या वड्या दिल्या. म्हणाला, तीन वड्या टाका, काम फत्ते. आजोबा म्हणतात, हे सगळं परत करून ये. आता ते फ्लोरिडाला गेलेत आणि फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही. कोणाचं ऐकू?

चकमकवाला
आजोबांचं. पावती असेल तर आजच परत करा.

दारूचं आधी सांगतो, कारण तिथे पर्यायच नाही. पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन वगैरे बदली दारू काळ्या दारूपेक्षा जास्त तापमानाला पेट घेतात. इनलाइनमध्ये, म्हणजे नव्या धाटणीच्या ठासणीच्या बंदुकीत, २०९ प्रायमरचा (पेटवायच्या टोपीचा) जाळ थेट मागून बसतो, तिथे त्या छान चालतात. तुमच्याकडे चकमकीची ठिणगी, तिच्यावर पेटलेली पेल्यातली (चकमकीखालच्या वाटीतली) चिमूटभर रंजक, म्हणजे बारीक दारू, आणि तिचा बारीक भोकातून आत जाणारा जाळ, एवढाच कारभार. वडी त्यावर बहुतेक वेळा पेटणारच नाही, पेटली तरी ‘फुस्स...’ करून उशिरा. खरी काळी दारूच घ्या. गोएक्स, शूटझेन किंवा स्विस. मोठ्या साखळी दुकानांत ती सहसा मिळत नाही, कारण कायद्याने ती स्फोटक आहे आणि साठवणीचे नियम कडक आहेत. छोटं, जुनं बंदुकीचं दुकान शोधा, नाहीतर ऑनलाइन हॅझमॅट (धोकादायक मालाचं) शुल्क भरून चार-पाच जणांत मिळून मागवा. गोएक्सचा लुइझियानातला कारखाना २०२१ च्या स्फोटानंतर बंद पडला होता. पुढच्या वर्षी एस्टेसने, म्हणजे मुलांची मॉडेल रॉकेटं बनवणाऱ्यांनी, तो घेतला.

आता गोळी. ती तुम्ही निवडत नाही, नळी निवडते. ग्रेट प्लेन्सच्या नळीतला पीळ (आतल्या वळणदार खाचा) ६० इंचांत एक फेरा, म्हणजे अगदी सावकाश. हा पीळ कापडात गुंडाळलेल्या गोल शिशाच्या गोळीसाठी आहे. लांबट सॅबो गोळीला स्थिर राहायला २८ इंचांत एक फेरा असा जलद पीळ लागतो. तुमच्या नळीतून ती ५० यार्डांवर कागदाला आडवी भोकं पाडेल. ४८ इंचांत एक फेरा असलेल्या बंदुका मधल्या असतात, त्यांत दोन्ही थोडंथोडं चालतं आणि म्हणून त्यांचे मालक आयुष्यभर प्रयोग करत बसतात.

तुम्हाला हवी ती ०.४९० इंचाची गोल गोळी, शुद्ध मऊ शिशाची. वजन साधारण १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम. जुन्या टायरच्या वजनांचं शिसं वितळवून ओतू नका, ते कडक असतं. बाहेरून ०.०१५ इंच जाडीच्या घट्ट विणीच्या सुती कापडाची पट्टी.

लँकेस्टरकर
साडेअकरा ग्रॅम? दुकानातली गोळी सोळा ग्रॅमची होती. हरणाला पुरेल का एवढं?

चकमकवाला
पुरतं, अंतर राखलंत तर. जवळपास अर्ध्या इंचाचं मऊ शिसं छातीत शिरलं की पसरतं आणि दोन्ही फुप्फुसं फोडतं. गोल गोळीची खोड वेगळीच आहे: हवा तिला फार अडवते. नळीतून १८०० फूट प्रतिसेकंदाच्या आसपास निघालेली गोळी १०० यार्डांवर जवळजवळ निम्म्या वेगावर येते. दारू वाढवून नळीच्या तोंडाशी वेग २०० फुटांनी वाढवलात तरी १०० यार्डांवर त्यातलं फार थोडं उरतं. वाढतो तो खांद्याला बसणारा धक्का. म्हणून तुमच्या रानात ७० यार्ड ही हद्द धरा आणि दारूच्या मागे धावू नका.

भार असा बसवा. ३एफ (बारीक दाण्याची) दारू, ६० ग्रेनपासून सुरुवात. ग्रेन इथे आकारमानाचे, पितळी मापाने. पाच-पाच ग्रेनने वाढवत प्रत्येक भाराचे तीन-चार बार ५० यार्डांवरून, बाकावर टेकून. प्रत्येक बारानंतर नळी ओल्या कापडाने एकदा पुसायची, नाहीतर काजळी साचून तुलनेला अर्थ राहत नाही. कुठेतरी ७० ते ८५ च्या दरम्यान भोकं एकत्र येतील आणि पुढे पुन्हा पांगतील. एकत्र आली तिथे थांबा. २एफ (जाड दाण्याची) घेतलीत तर साधारण दहा टक्के जास्त लागेल. स्विस थोडी जोरकस असते, तिला कमी. वरची मर्यादा लायमनच्या पुस्तिकेत आहे, ती ओलांडायची नाही. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे ७० च्या भाराने शंभर बार. सरावाला भरपूर झाले.

जळलेल्या पट्ट्या दहा-पंधरा पावलांवर पडलेल्या सापडतील, त्या उचलून बघा. कडा विस्कटलेल्या आणि मधलं कापड शाबूत असेल तर उत्तम. मधे भोक जळालं असेल तर वंगण कमी किंवा कापड पातळ. गोळी जिथे बसते तिथे गोलाकार चिरा असतील तर नळीच्या तोंडाची धार कापतेय.

पुणेरी_पेन्शनर
वंगण म्हणून साजूक तूप चालेल का? आमच्या सुनेने कॉस्टकोचा भला मोठा डबा आणलाय.

चकमकवाला
हसू नका मंडळी, प्रश्न बरोबर आहे! प्राण्यांची चरबी आणि मेण हेच जुनं वंगण. काळ्या दारूला पेट्रोलियमचं तेल नको, काजळी डांबरासारखी चिकटते. पण तूप डिसेंबरात गोठतं आणि उन्हाळ्यात पट्टीतून पाझरून दारू भिजवतं. मेण घातलेलं तयार वंगण घ्या. तूप पोळीवर.

मिडवेस्टमावशी
थोडा वेगळा अनुभव, ओहायोचा. आमच्याकडे जानेवारीच्या मझललोडर (ठासणीच्या बंदुकीच्या) हंगामात इनलाइन चालते, दुर्बीणही चालते. माझी सीव्हीए ऑप्टिमा, २८ चा पीळ. तिच्यात बार्न्सची २५० ग्रेनची पूर्ण तांब्याची गोळी आणि ब्लॅकहॉर्न २०९ ही बदली दारू. आकारमानाने १०० ग्रेन भरते. काट्यावर तोलायचं असेल तर ते ७० च्या आसपास येतं, आणि इथेच लोक गडबडतात: काट्यावर १०० तोललं तर भार कमाल मर्यादेच्या वर जातो. कंपनीची मर्यादा आकारमानाने १२० आहे. मी ११० करून पाहिलं, गोळ्या पांगल्या, परत १०० वर आले. दीडशेचा बार फक्त डब्यावरच्या चित्रात शोभतो.

तांबं का, तर मांस घरात नातवंडंही खातात. २००८ साली नॉर्थ डकोटात दान केलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले होते आणि फूड पॅन्ट्रींना तो टाकून द्यायला सांगितलं होतं. वेगवान शिशाची गोळी फुटून कण दूरवर जातात. चकमकवाल्यांची गोल गोळी हळू आणि अखंड राहणारी असते, तिथे हा त्रास कमी. तरी जखमेच्या कडेचं मांस सढळ हाताने कापून टाका.

आणि सगळ्यांसाठी: धूरविरहित दारू, म्हणजे काडतुसात भरतात ती, या बंदुकांत कधीच नाही. नळी फुटते.

एच१बी_वाला
व्हिसावर असताना बंदूक बाळगता येते का? मला तर सगळे नाही म्हणतात.

मिडवेस्टमावशी
फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्यांना बंदी आहे, पण वैध हंटिंग लायसन्स असेल तर अपवाद आहे. शिवाय काडतूस न घेणारी ठासणीची बंदूक त्या कायद्यात बहुतेक वेळा ‘अँटिक’ धरतात. राज्याचे कायदे मात्र वेगळे. इमिग्रेशनचा प्रश्न आहे, वकिलाला विचारल्याशिवाय काही विकत घेऊ नका रे बाबा.

कुडाळचा_बंड्या
आमच्याकडे शेती संरक्षण परवान्यावर ठासणीची आहे. हाच ७० ग्रेनचा हिशोब चालेल का? डुकरांनी भात लोळवलाय.

चकमकवाला
नाही. गावठी बंदुकीच्या नळीची जाडी, पीळ आहे की नाही, काहीच माहीत नसताना दुसऱ्याचा आकडा वापरायचा नाही. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिकडे शिकारच बंद आहे. डुकरांच्या नुकसानीसाठी वनखात्याकडे अर्ज करा, भरपाई मिळते. या धाग्यातलं काही तिकडे लावू नका, ही विनंती.

लँकेस्टरकर
वड्या परत केल्या, सॅबो मात्र त्यांनी घेतल्या नाहीत. मिडवेस्टमावशी, तुम्हाला पाठवू का? दारू मिळाली, शूटझेन ३एफ. ७५ ला भोकं तीन इंचांत आली, ८५ ला तळहाताएवढी पांगली. पट्ट्या मधे किंचित करपलेल्या. आणि एक घोळ: चाप ओढल्यावर रंजक पेटते, मग एक ‘टॉक’, मग बार. तेवढ्यात माझा खांदा हलतो.

चकमकवाला
७५ पक्का. करपतंय म्हणून ०.०१८ ची पट्टी घेऊन बघा, गोळी तीच. ठासायला थोडी घट्ट जाईल.

तो ‘टॉक’ बहुधा रंजक जास्त झाल्यामुळे. भोक रंजकेने बुजलं तर ती वातीसारखी आधी जळत जाते, मग आतली दारू पेटते. पेला तिसरा हिस्साच भरा, रंजक भोकापासून जरा बाहेरच्या बाजूला सारा, आणि भरण्याआधी भोकात सुई फिरवा. बार झाल्यावरही साइट निशाण्यावरच धरून ठेवायची सवय लावा. बारच झाला नाही तर बंदूक पूर्ण मिनिटभर निशाण्याकडेच रोखून ठेवायची, डोकावून बघायचं नाही.

गोळी दारूवर घट्ट टेकली आहे याची खूण ठासायच्या गजावर करून ठेवा. मधे पोकळी राहिली तर नळी फुगते. खूण वर दिसली म्हणजे गोळी अडकली आहे, ती तळाला जाईपर्यंत बार काढायचा नाही.

लँकेस्टरकर
शेवटचा प्रश्न. दिवसभर काही दिसलं नाही तर भरलेली बंदूक रात्री घरात आणायची का?

चकमकवाला
पेनसिल्व्हेनियात पेल्यातली रंजक काढली की फ्लिंटलॉक कायद्याने रिकामी धरतात, पण आत दारू-गोळी आहेच हे विसरू नका. लहान मुलं असतील तर बार सुरक्षित मातीत काढून टाका, नळी गरम पाण्याने धुवा, तेल लावा, सकाळी तेल पुसून नव्याने भरा. मुलं नसतील आणि भरलेली ठेवायचीच असेल तर कुलूपबंद थंड गॅरेजमध्ये. हीटरच्या घरात आणलीत की नळीत दव धरतं आणि सकाळी हरीण समोर उभं असताना नुसती चकमक वाजते.

मिडवेस्टमावशी
सॅबो पाठव. पोस्टेज मी देते. आणि हरीण मिळालं तर मागच्या पायाचं मांस सुक्याला ठेव, मालवणी मसाल्यात रात्रभर मुरवून. पाककृती वेगळ्या धाग्यात टाकते.