पौलावर कादंबरी लिहायची तर ऐकायचं कोणाचं: लूकचं की खुद्द पौलाचं?

सुतळी

पहिल्या शतकात येशूची शिकवण पसरवणाऱ्या प्रेषित पौलावरच्या कादंबरीसाठी अडीच वर्षं वाचन चाललंय. आता लिहायला बसायचं तर एक गोष्ट आधी ठरवावी लागतेय. माझं मत मांडते, पटलं नाही तर जरूर भांडा.

पौलाचं आयुष्य आपल्याला मुख्यतः दोन वाटांनी कळतं. एक त्याची पत्रं. नव्या करारात त्याच्या नावावर 13 आहेत, त्यातली 7 त्याचीच, याबद्दल अभ्यासकांत फारसा वाद नाही. दुसरी वाट म्हणजे 'प्रेषितांची कृत्ये'. परंपरा ते लूकचं मानते आणि पौलानंतर काही दशकांनी ते लिहिलं गेलं, असं बहुतेकांचं मत आहे. दोन्ही जुळत नाहीत तिथे माझी कादंबरी पत्रांच्या बाजूने राहील. तुकोबांच्या मनात काय चाललं होतं हे शोधायला आपण आधी गाथा उघडतो. महिपतींचा 'भक्तविजय' नंतर. तो 1762चा, तुकोबा जाऊन शंभरावर वर्षं झाली होती.

दमिष्काची (आजच्या दमास्कसची) टोपली घ्या. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात पौल स्वतः सांगतो: अरितास राजाच्या अधिकाऱ्याने त्याला धरायला शहरावर पहारा बसवला होता, तेव्हा त्याला टोपलीत बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडलं. लूकही तीच टोपली आणि तोच तट सांगतो, पण त्याच्या कथेत वेशींवर टपून बसलेत ते यहुदी. टोपली एकच, वैरी मात्र बदललाय.

हा अरितास पेत्राच्या नबाती लोकांचा राजा, सुमारे इ.स. 40 मध्ये वारला. गलतीकरांच्या पत्रात पौल म्हणतो की येशूचं दर्शन झाल्यावर कोणाचाही सल्ला न घेता तो अरबस्तानात गेला आणि मग दमिष्काला परतला. तो अरबस्तान म्हणजे बहुधा याच अरितासचा मुलूख. तिथे त्याने असं काय केलं, की राजाचा माणूस त्याच्या मागावर निघाला? लूक अरबस्तानाचं नावही काढत नाही. माझी पहिली पाच प्रकरणं तिथेच घडतात.

गमलिएल या यहुदी धर्मशास्त्र्याच्या पायाशी झालेलं शिक्षण, रोमचं नागरिकत्व आणि शौल हे पौलाचं यहुदी नाव, तिन्ही फक्त लूककडे आहेत. मी तिन्ही गाळणार आहे.

बंदरावरचा

गाळून गाळून हातात काय राहील? पत्रांत वर्षाला हात घालायला अरितासखेरीज जवळपास काहीच नाही. लूक मात्र सांगतो की करिंथात पौलाला गल्लियो या सुभेदारापुढे उभं केलं. ग्रीसमधल्या डेल्फीला क्लौद्य या रोमी सम्राटाच्या पत्राचा शिलालेख सापडला, त्यात गल्लियोचं नाव आहे, म्हणून ती भेट सुमारे 51-52ची ठरते. पौलाचं सगळं कालमापन याच खुंटीला टांगलंय आणि ती खुंटी लूकने दिलीय.

थेस्सलनीकाच्या नगराधिकाऱ्यांना लूक 'पोलितार्ख' म्हणतो. ग्रीक ग्रंथांत हा शब्द दिसत नाही म्हणून पूर्वी शंका घेत. मग शिलालेखांत सापडला. त्यातला एक त्याच शहराच्या कमानीवरचा, आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कुठल्या गावात कोणत्या हुद्द्याला काय म्हणतात हे इतकं नेमकं ठाऊक असलेल्या माणसाला तुम्ही गोष्टीवेल्हाळ ठरवताय.

आणि ते जहाज. माझे आजोबा गलबतावर तांडेल होते, म्हणून 'कृत्यां'चा सत्ताविसावा अध्याय मी वेगळ्याच कानांनी वाचतो. 276 माणसं, मध्यरात्र, किनारा जवळ आल्याची खलाशांना शंका. पाणी मोजतात तर 20 वाव, थोडं पुढे 15. खडकावर जाऊ म्हणून मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडायची वाट बघत बसतात. जेम्स स्मिथ नावाच्या स्कॉटिश नौकानयनपटूने 1848 मध्ये वारे आणि अंतरं ताडून दाखवलं की वर्णन माल्टाच्या किनाऱ्याला चपखल बसतं. त्या भागात 'आम्ही' असं येतं, ते उगाच नाही, लिहिणारा सोबत होता. महिपती देहूच्या वाटेवर तुकोबांसोबत चालले नव्हते. तुमची तुलना इथे लंगडी पडते.

सुतळी

जहाज ठेवतेच आहे, तेवढं सुंदर प्रकरण कोण सोडेल? पण पौल म्हणतो, तीन वेळा माझं जहाज फुटलं, एक रात्र आणि एक दिवस मी खोल समुद्रात काढला. ते पत्र माल्टाच्या आधीचं. त्या तिन्हींपैकी एकही लूक सांगत नाही. हुद्द्यांची नावं बरोबर आहेत म्हणून भाषणं आणि कट-कारस्थानंही तशीच घडली असं मी धरून चालणार नाही.

पहाटघंटा

मी ख्रिस्ती घरातली, त्यामुळे हा धागा वाचताना जीव थोडा खालीवर झाला. दमिष्काच्या वाटेवरचा प्रकाश, तीन दिवसांचं आंधळेपण, भीतभीत आलेला येशूचा शिष्य हनन्या आणि त्याने उच्चारलेले ते दोन शब्द, 'शौल भाऊ'. माझी आजी हे सांगताना दर वेळी थांबायची. ज्यांना पकडायला पौल निघाला होता, त्यांच्यातलाच एक त्याला भाऊ म्हणतो. शौल हे नाव गाळलंत तर ही हाकही जाते. (घोडा मात्र खुशाल गाळा. तो चित्रकारांचा, बायबलात कुठेच नाही.)

आता नागरिकत्वाचं बोलू. ते काढलंत तर यहुदियात पकडलेला राहुट्या शिवणारा कैदी सम्राटापुढे न्याय मागायला रोमपर्यंत कसा पोचला, ते सांगा. लूककडे उत्तर आहे: मी रोमी नागरिक, मी कैसराकडे दाद मागतो.

सुतळी

पण पौल लिहितो की त्याला तीनदा छड्यांनी मारलं. ती रोमी अधिकाऱ्यांची शिक्षा, आणि नागरिकाला तशी मारायला कायद्याने बंदी होती.

पहाटघंटा

बंदी होती, पण पाळली जायचीच असं कुठे आहे? फिलिप्पैला नागरिकालाच चौकशीविना फटके मारले आणि दुसऱ्या दिवशी अधिकारी विनवण्या करत आले, हे लूकच सांगतो.

दाभण

कोणाची साक्ष खरी यावर एवढं चाललंय, पण दोन्ही साक्षी जिथे जुळतात त्या जागेकडे कोणी वळलेलं नाही. लूक म्हणतो तो राहुट्या करायचा. पौल म्हणतो, आम्ही आपल्याच हातांनी कष्ट करतो, कोणावर भार नको म्हणून रात्रंदिवस. राहुट्या कातड्याच्या की शेळीच्या केसांच्या, यावर दुमत आहे. त्याचा किलिकिया प्रांत केसांच्या जाड कापडासाठी प्रसिद्ध होता. आपल्या घोंगडीहून राठ समजा.

आमच्या बाजारपेठेत पावसाळ्याआधी ताडपत्र्या शिवून देणारे एक काका बसतात. गेल्या मे महिन्यात त्यांच्या शेजारी तासभर बसलो. आरीने भोक, दाभणाने दोरा, दोन्ही हातांनी ओढून गाठ. तर्जनीच्या पेरावर दोऱ्याने पडलेली खाच, अंगठा पूर्ण सरळ होत नाही. बिलावर सही केली ती केवढाल्या अक्षरांत! मला तिथेच गलतीकरांच्या पत्राचा शेवट आठवला: पाहा, किती मोठ्या अक्षरांत मी स्वतःच्या हाताने लिहितोय. त्याचे डोळे अधू होते असं बरेच जण म्हणतात. मी कादंबरी लिहिली असती तर कारण हातांत शोधलं असतं.

चौथरा

सुतळी, तुमच्या बाजूने एक, विरोधात एक.

बाजूने: पौल पत्रांत कुठेही 'ख्रिस्ती' हा शब्द वापरत नाही, तो 'कृत्यां'त येतो. तो स्वतःला इस्राएली, बन्यामीन वंशातला म्हणवतो. कादंबरीत 'धर्मांतर' हा शब्द घातलात तर वाचक आजचे सगळे वाद त्याच्यावर लादेल.

विरोधात: गाळण्यावर एवढा भर नको. दुसऱ्या शतकात आशिया प्रांतातल्या ख्रिस्ती मंडळीच्या एका वडिलाने (धर्मसेवकाने) पौल आणि त्याची शिष्या, इकुन्याची थेक्ला, यांची कथा रचली. पौलावरच्या प्रेमापोटी रचली असं त्याने कबूल केलं आणि त्याचं पद गेलं, असं आद्य ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन लिहितो. पण बुटका, टकला, बाकदार पायांचा, जुळलेल्या भुवयांचा पौल त्याच्याच कथेतून आला आणि चित्रांत आजही टिकलाय. प्रेमाने घातलेली भर टिकते, म्हणून घालताना जपायला हवं. गाळण्यापेक्षा तीच जबाबदारी मोठी.

सुतळी

पहाटघंटा, नागरिकत्वाबद्दल मी मागे येते. रोमचा प्रवास त्याच्याशिवाय जुळत नाही आणि जबरदस्तीने जुळवला तर वाचक पकडेल. 'शौल भाऊ' ही हाकही ठेवते. तुमच्या आजीला मी हरवू शकत नाही.

टोपलीबद्दल मात्र मागे येणार नाही. वेशीवर टपलेले यहुदी या एका चित्राने पुढच्या शतकांत किती माणसांचा द्वेष पोसला, हे माहीत असताना आणि पौलाचीच साक्ष वेगळी असताना, मी तिथे अरितासचेच पहारेकरी उभे करणार. दोर सोडणारे हातही यहुदीच असतील, कारण दमिष्कात तेव्हा त्याला आपलं म्हणणारे बहुतेक तेच होते.

एक मदत हवीय. लूक 'स्पिरिस' म्हणतो, ती साधी मोठी टोपली. पौल म्हणतो 'सार्गाने', म्हणजे दोर वळून विणलेली. त्याला मराठी शब्द काय घेऊ? हारा बांबूचा, पाटीत माणूस मावत नाही.

बंदरावरचा

शिंकाळं. मडक्याचं असतं तसं, फक्त माणूस मावेल एवढं. दोर तटाला घासेल तसं ते स्वतःभोवती फिरायला लागेल. बसलेल्याला आधी भिंत दिसेल, मग अंधार, मग पुन्हा भिंत.